कल्याणच्या पोथ्या आणि ग्रंथपालाचा धर्म

वाङ्मयीन स्वातंत्र्याचा विचार आपल्याकडे बहुधा लेखकाच्या बाजूने होतो. लेखकाने काय लिहावे, त्याला कोणी अडवावे, शासनाचा अधिकार कोठवर चालावा, या प्रश्नांवर आपली संमेलने आणि नियतकालिके भरपूर बोलली आहेत. परंतु लिहिलेला ग्रंथ लेखकाच्या हातून सुटल्यावर ज्याच्या स्वाधीन होतो, त्या ग्रंथपालाचे नाव या चर्चेत क्वचितच निघते. फार तर पुस्तके मोजून घेणारा व मोजून परत ठेवणारा एक कारकून, एवढीच त्याची आठवण राहते. वस्तुतः समीक्षेचा सारा व्यवहार त्याच्या आधारावर उभा आहे. ज्या ग्रंथाची प्रत पाहावयास मिळत नाही त्याची समीक्षा होऊ शकत नाही. त्याच्याविषयी केवळ प्रवाद उठतात. म्हणून ग्रंथपालाने ग्रंथ कोणासाठी राखावा आणि कोणापासून राखावा, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राइतकाच साहित्यशास्त्राचाही आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही बीदर आणि कलबुर्गी हे दोन सीमावर्ती जिल्हे निवडले आहेत. सीमाप्रश्नाच्या राजकीय वादात भर घालणे हा त्यामागील हेतू नाही. ग्रंथ लपविणे, ग्रंथाला वेषांतर करावयास लावणे आणि ग्रंथ सरकारजमा करणे, या तिन्ही गोष्टींचा इतिहास या एका टापूशी जितका निगडित आहे तितका तो आपल्या परिसरात अन्यत्र क्वचितच असेल. शिवाय मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या चार भाषांचे वाचक येथे शतकानुशतके शेजारी राहिले आहेत. स्वातंत्र्याची मागणी केवळ आपल्या भाषेपुरती करावयाची की शेजाऱ्याच्या भाषेसाठीही करावयाची, याची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

१

बीदरला महमूद गवान याने बांधलेल्या मदरशाचे अवशेष आजही उभे आहेत. ही वास्तू १४७२ साली पूर्ण झाली आणि तिच्या ग्रंथालयात सुमारे तीन हजार ग्रंथ होते असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. ज्या वजिराने हे विद्यापीठ उभारले त्याचा एका बनावट पत्राच्या आधारे १४८१ साली शिरच्छेद झाला. आणि वास्तूचा मोठा भाग १६९६ साली दारूच्या स्फोटाने कोसळला. येथून जवळच नारायणपूरला मुंतोजींची समाधी आहे. बहामनी घराण्याशी ज्यांचे नाते सांगितले जाते त्या या सत्पुरुषाने ‘सिद्धसंकेतप्रबंध’ हा अध्यात्मग्रंथ मराठीत लिहिला. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी अनेक भाषांत पदे रचली. भीमेच्या काठचे गाणगापूर तर ‘गुरुचरित्रा’मुळे मराठी घराघरांत पोहोचले आहे. ग्रंथाला भाषेची सीमा नसते हे येथील लोकांस कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु या टापूतील सर्वांत महत्त्वाची ग्रंथकथा कल्याणची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची आहे. बाराव्या शतकात बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि त्यांच्या सहवासातील सर्व थरांतील शरण-शरणींनी येथे कन्नड वचनवाङ्मय घडविले. बिज्जलाच्या राजवटीच्या शेवटी कल्याणमध्ये जो उत्पात झाला त्यानंतर शरण चहूकडे पांगले; चेन्नबसवण्णा आणि त्यांच्यासमवेतची मंडळी वचनांच्या पोथ्या घेऊन उळवीकडे गेली, अशी परंपरा सांगते. या परंपरेतील तपशिलांविषयी इतिहासकारांचे मतभेद असतील. पण एका समाजाने आपली स्मृती ग्रंथरक्षणाच्या कथेभोवती गुंफावी, ही गोष्ट स्वतःच अर्थपूर्ण आहे. त्या कथेत तलवार आहे ती राज्यासाठी उचललेली नाही. ताडपत्रांसाठी उचललेली आहे.

ही ताडपत्रे पुढे मठामठांत आणि घराघरांत बांधून ठेवलेली राहिली. मधल्या काळात त्यांच्या आधारे संकलने व भाष्येही झाली. तथापि सर्वसामान्य वाचकाला वचने छापील रूपात मिळू लागली ती विसाव्या शतकात. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव हिंडून पोथ्या मिळविल्या आणि १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले. बाराव्या शतकात बोललेला शब्द सर्वांच्या हाती पडण्यास सातशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आमच्या भाषेतील महानुभाव वाङ्मयाची कथा याहून फार निराळी नाही. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. पण पंथाने आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांच्या प्रयत्नाने त्या लिपीचा उलगडा झाला, तेव्हा मराठी वाङ्मयेतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. लिपीच्या आवरणामुळे पाठ टिकला यात शंका नाही. पण ते आवरण असेपर्यंत मराठी गद्याने आपल्या या पूर्वजाकडून काहीही घेतले नाही. ‘लीळाचरित्रा’तील छोटे, थेट, बोलके वाक्य जर मध्ययुगीन मराठी लेखकांच्या वाचनात असते, तर आपल्या गद्याची वाट कदाचित वेगळी झाली असती.

येथे आमचा पहिला मुद्दा स्पष्ट होतो. ग्रंथ लपविणे हा आपद्धर्म आहे. संकटकाळी तो करावाच लागतो आणि ज्यांनी तो केला त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु लपविलेला ग्रंथ जिवंत राहतो तो बीजासारखा. त्याला फांद्या फुटत नाहीत. त्याच्यावर वाद होत नाही, त्याचे अनुकरण होत नाही, त्यातील चूक कोणी दाखवीत नाही आणि त्यातील सौंदर्यही कोणाला दिसत नाही. पेटीत बांधलेल्या पोथीचा रक्षक आणि ग्रंथालयातील ग्रंथपाल यांच्यात हाच मूलभूत फरक आहे. पहिल्याचे काम पोथी टिकली की संपते. दुसऱ्याचे काम तेथून सुरू होते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतील पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते. ते आज सर्वांस पाठ आहे. पण त्याचा पूर्ण अर्थ ज्या समाजाने सातशे वर्षे पोथ्या बांधून ठेवल्या त्यालाच उमगावा.

२

दुसरा प्रकार वेषांतराचा. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलत असे, तर शिक्षण आणि राज्यकारभार उर्दूतून चाले. खाजगी शाळांवर परवान्याचे निर्बंध होते. सभा-संमेलनांसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करणारी त्रेपन्न क्रमांकाची गश्ती तर कुप्रसिद्धच आहे. अशा राज्यात वाचनालय उघडणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि म्हणूनच जागृतीचे बरेचसे कार्य वाचनालयांच्याच आश्रयाने झाले. हैदराबाद शहरात १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू वाचकांचे केंद्र होते. मराठी ग्रंथसंग्रहालयाने मराठी वाचकांसाठी तेच केले. राजकीय सभेला जेथे परवानगी मिळत नसे तेथे चार माणसे वर्तमानपत्राभोवती बसू शकत होती.

बीदर जिल्ह्यातील भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चेन्नबसव पट्टदेवरू यांची आठवण येथे अवश्य केली पाहिजे. त्यांच्या शाळेवर बाहेर उर्दूची पाटी असे आणि आत कन्नडचे पाठ चालत, ही गोष्ट त्या भागात सर्वतोमुखी आहे. आम्ही मराठी लोकांनी ही कथा आपली म्हणून सांगितली पाहिजे. कारण त्याच संस्थानात मराठी शाळा व वाचनालये चालविणाऱ्यांसमोर तोच पेच होता. भाषा वेगळी, पाटी तीच.

तथापि वेषांतरालाही किंमत मोजावी लागते. जी संस्था परवानगीच्या छायेत जगते तिला सदैव निरुपद्रवी दिसावे लागते. तिचे चालक पुस्तक घेताना ते चांगले आहे काय हे पाहण्याआधी त्याने संकट येईल काय हे पाहू लागतात. ही सवय राजवट गेल्यावरही जात नाही. निजामी अंमल १९४८ च्या सप्टेंबरात संपला. पण ‘कशाला विषाची परीक्षा’ असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवण्याची वृत्ती संपविण्यासाठी कोणतीही पोलीस कारवाई पुरेशी नसते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हत्या झाली. ते उर्दू पत्रकार होते आणि निजामी राजवटीविरुद्ध उर्दूतूनच लिहीत होते. तेव्हा त्या काळच्या दडपशाहीचे खापर एका भाषेच्या माथी मारणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. दडपशाही सत्तेची होती आणि तिला बळी पडलेल्यांत उर्दूही होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे त्रिभाजन झाले. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मराठवाड्याबरोबर राहिला. ज्या उदगीरला २०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते एकेकाळी बीदरच्याच कचेरीशी जोडलेले होते. म्हणजे एकच वाचकसमाज दोन राज्यांच्या ग्रंथालयव्यवस्थांत वाटला गेला. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने मुख्यतः शासनाच्या खात्यामार्फत चालणारी ग्रंथालये आली, तर महाराष्ट्रात १९६७ च्या अधिनियमाने लोकांच्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत रूढ केली. या दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत. पहिलीत ग्रंथपाल सरकारी नोकर असल्याने वरिष्ठांच्या मर्जीबाहेर जाऊ शकत नाही. दुसरीत तो कार्यकारी मंडळाच्या आणि अनुदानाच्या मर्जीत राहतो. बंदीचा हुकूम न काढताही ज्या पद्धतीने पुस्तक वाचकापासून दूर ठेवता येते ती पद्धत, म्हणजे ते विकतच न घेणे, दोन्हीकडे सारखीच सुलभ आहे. तिचा पंचनामा होत नाही, तिच्याविरुद्ध अपील नसते आणि तिची बातमी कोठे छापली जात नाही.

३

आता तिसरा प्रकार, उघड जप्तीचा. येथे पुन्हा कल्याणकडेच यावे लागते. बाराव्या शतकात ज्या नगरातून पोथ्या निघून गेल्या त्याच नगराच्या इतिहासाविषयी लिहिलेले ग्रंथ विसाव्या शतकाच्या अखेरीस वादात सापडले, हा योग विलक्षण आहे.

ज्यांच्या आडनावातच कलबुर्गी आहे त्या डॉ. म. म. कलबुर्गी यांनी ‘मार्ग’ या आपल्या संशोधनलेखसंग्रहात बसवण्णांच्या कुटुंबीयांविषयी काही अनुमाने मांडली. १९८९ साली त्यावरून गदारोळ झाला आणि दडपणाखाली त्यांना ती मागे घ्यावी लागली. याच विद्वानाने पुढे वचनांच्या समग्र खंडांच्या संपादनाची धुरा वाहिली. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे त्यांच्या राहत्या घरी त्यांची हत्या झाली. पु. वी. नारायण यांची ‘धर्मकारण’ ही कादंबरी कर्नाटक साहित्य अकादमीने गौरविली होती. बसवण्णांच्या परिवारातील पूज्य व्यक्तींच्या चित्रणावरून ती १९९७ साली शासनाने सरकारजमा केली व २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. माते महादेवी यांनी संपादिलेले ‘वचनदीप्ती’ १९९८ साली जप्त झाले. त्या जप्तीवरही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली शिक्कामोर्तब केले.

यांपैकी ‘वचनदीप्ती’चे प्रकरण समीक्षकाच्या दृष्टीने सर्वाधिक विचारणीय आहे, कारण त्यातील वाद कोणत्याही कल्पित प्रसंगावर नव्हता, तो पाठाविषयी होता. बसवण्णांच्या वचनांच्या अखेरीस ‘कूडलसंगमदेव’ हे अंकित येते. या संपादनात त्याच्या जागी ‘लिंगदेव’ असा बदल केला गेला. हा बदल किती मोठा आहे हे मराठी वाचकांस पटकन ध्यानी येणार नाही, म्हणून थोडे विवरण करणे इष्ट होईल. आमच्या अभंगांतील मुद्रा कवीच्या नावाची असते: नामा, तुका, एका जनार्दनी. वचनांतील अंकित मात्र बहुधा आराध्यदैवताचे असते. ‘कूडलसंगमदेव’ म्हणजे कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावरील देव. तेथेच बसवण्णांचे अध्ययन झाले अशी परंपरा आहे. हे संबोधन वचनाच्या शेवटी केवळ सहीसारखे येत नाही. संपूर्ण वचन ज्याला उद्देशून बोलले गेले त्याची हाक तेथे येते. ती हाक बदलली की बोलण्याचा रोखच बदलतो. एका विशिष्ट नदीसंगमाची, एका विशिष्ट आयुष्याची ऊब त्यातून निघून जाते आणि उरते ते सर्वत्र सारखेच लागू पडणारे तत्त्व. तत्त्वज्ञान म्हणून ते चुकीचे असेल असे नव्हे. परंतु ते बसवण्णांचे वचन राहत नाही. पाठसंपादनाच्या कोणत्याही मान्य कसोटीवर हा बदल टिकणारा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे असूनही जप्ती हा त्यावरचा उपाय होता असे आम्हांस वाटत नाही. न्यायालयाच्या निर्णयाचा आदर राखून आम्ही हे म्हणत आहोत. कारण निर्णय मानणे आणि त्याची समीक्षा करणे यांत विरोध नाही. चुकीच्या पाठाचे निराकरण शुद्ध पाठाने होते, आणि ते करावयाचे तर दोन्ही पाठ शेजारी ठेवता आले पाहिजेत. बदललेला पाठच नाहीसा केला तर त्यातील दोष दाखविण्याची सोयही नाहीशी होते. पुढे पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक विचारील की हे बदललेले वचन मूळचे नव्हते कशावरून, तर त्यास दाखविण्यास जप्तीच्या हुकुमाखेरीज आपल्यापाशी काय असणार? आणि हुकूम हा काही पाठनिर्णयाचा पुरावा होऊ शकत नाही.

मराठी परंपरेत याविषयी एक थोर उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तोपर्यंत प्रतीप्रतींतून अपपाठ शिरले होते, कोणी ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी कोणाच्या पोथ्या जाळावयास सांगितले नाही. त्यांनी प्रती मिळविल्या, ताडून पाहिल्या, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी भर घालू नये असा इशारा देऊन ठेवला. १९०९ साली राजवाड्यांनी वेगळी प्रत छापली तेव्हा तिच्यावर वाद झाला, आजही होतो. पण तो वाद पाठांच्या आधारे होतो. तुकोबांच्या गाथेचेही तसेच. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात गाथेची प्रत सिद्ध केली. तिच्यातील कोणते अभंग तुकोबांचे आणि कोणते नव्हेत याची चर्चा शतकाहून अधिक काळ चालली आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत हे अभ्यासकांनी दाखवून दिले, ते मिसळलेले अभंग डोळ्यांसमोर होते म्हणूनच.

येथे आमच्या घरचा दोषही झाकून चालणार नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील काही लीळांवरून पंथीयांचा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तेथे आक्षेप उलट दिशेचा होता: संपादकाने पाठ बदलला अशी तक्रार नव्हती, त्याने हस्तलिखितांतील पाठ उघड केला अशी होती. श्रद्धावंतांच्या वेदनेचा आम्ही उपहास करीत नाही. ज्या पंथाने शतकानुशतके उपेक्षा सोसली आणि आपली पोथी जिवाप्रमाणे जपली, त्याला ती परक्या हाती पडल्याचे दुःख होणे स्वाभाविक आहे. पण कल्याणच्या शरणांचे वारस आणि महानुभावांचे वारस या दोघांपुढे प्रश्न एकच आहे. पूर्वजांनी ग्रंथ वाचविला तो कशासाठी? तो वाचला जावा यासाठी, असे उत्तर असेल तर मग वाचणारा सर्वस्वी आपल्याच मनासारखे वाचील ही अपेक्षा सोडावी लागेल.

४

या साऱ्यात ग्रंथपालाचे स्थान कोणते? ते सांगण्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण पुरेसे आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या निमित्ताने ५ जानेवारी २००४ रोजी या संस्थेवर हल्ला झाला; ग्रंथ, हस्तलिखिते आणि वस्तूंची नासधूस झाली. संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते वा प्रसिद्ध केले नव्हते. तेथे लेखकाने अभ्यास केला होता आणि तेथील मंडळींचे आभार मानले होते, एवढाच तिचा संबंध. म्हणजे ज्याने वाचकाला पोथी काढून दिली त्याला वाचकाच्या निष्कर्षाचा वाटेकरी धरण्यात आले. पुस्तकातील काही विधाने अत्यंत आक्षेपार्ह होती, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. परंतु पोथी देण्यापूर्वी ‘तुम्ही यावरून काय लिहिणार?’ असे ग्रंथपालाने विचारावयाचे असेल, तर ग्रंथालय आणि पोलीसचौकी यांत अंतर राहणार नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजू तितकीच बोधप्रद आहे. महाराष्ट्र शासनाने केलेली जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ही दाद लेखकाने वा प्रकाशकाने मागितली नव्हती. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आदी नागरिकांनी मागितली होती. ग्रंथावर वाचकाचाही हक्क असतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. जप्तीचा अधिकार आज २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमात आहे आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाण्याची सोय पुढच्याच कलमात आहे. ज्याचा त्या ग्रंथात काही हितसंबंध असेल त्याला हा मार्ग खुला आहे. ज्या ग्रंथालयाने आपल्या पैशाने प्रत घेतली आणि वाचकांसाठी ठेवली, त्याचा हितसंबंध नाही तर कोणाचा? आजवर आपल्या ग्रंथालयसंघांनी हा विचार गंभीरपणे करावयास हवा होता.

अमेरिकेतील ग्रंथालयसंघाने १९३९ साली ग्रंथालयाच्या हक्कांची सनद स्वीकारली. युरोपात त्या दशकात ग्रंथांच्या होळ्या पेटल्या होत्या आणि खुद्द अमेरिकेत स्टाइनबेकच्या कादंबरीवर गावोगाव बहिष्कार पडत होता. लेखकाचे मत, वंश वा राष्ट्र यांवरून ग्रंथ वगळू नये आणि वादाच्या सर्व बाजू वाचकापुढे ठेवाव्यात, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे ती सनद जशीच्या तशी आणावी असे आम्ही म्हणत नाही. आपला ग्रंथपाल अल्प वेतनावर काम करतो, त्याच्यामागे संघटनेचे बळ नाही, आणि जमाव दाराशी आला तर त्याला एकट्यालाच सामोरे जावे लागते. त्याच्याकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे हा आपला आळस होय. पण काही गोष्टी अशा आहेत की ज्यांना धाडसापेक्षा शिस्त अधिक लागते.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे नोंद. कायद्याने ग्रंथ जप्त झाला तर ग्रंथपालाने प्रत स्वाधीन केलीच पाहिजे. परंतु दाखलवहीतील व ग्रंथसूचीतील नोंद त्याने खोडू नये. ग्रंथ केव्हा आला, केव्हा आणि कोणत्या आदेशाने गेला, हे त्याच ओळीत लिहून ठेवावे. ग्रंथ गेला तरी तो होता ही गोष्ट राहते. पुढे बंदी उठली तर त्या ओळीवरून तो पुन्हा मागविता येतो. खोडलेली ओळ मात्र कोणालाही काही सांगत नाही. दुसरी गोष्ट, एखाद्या वादग्रस्त ग्रंथाबरोबर त्याच्या खंडनाचे ग्रंथही त्याच कपाटात ठेवावेत. कलबुर्गी ठेवावेत तसे त्यांचे प्रतिपक्षीही ठेवावेत. तिसरी गोष्ट, कोणत्या वाचकाने काय वाचले हे ग्रंथपालाने वैद्याप्रमाणे स्वतःपाशी ठेवावे. चौथी, पुस्तक न घेण्याचे कारण निवड समितीने लिहून ठेवण्याची प्रथा पाडावी. जे कारण लिहिण्यास लाज वाटते ते बहुधा योग्य कारण नसते.

कोणी विचारील की मग द्वेष पेरणाऱ्या, हिंसेस चिथावणाऱ्या लिखाणाचे काय? असे लिखाण असते आणि त्याला आवर घालण्याचा अधिकार समाजाला आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो निर्णय कारणांसह, उघडपणे आणि अपिलाच्या सोयीसह व्हावा. जमावाच्या धाकाने किंवा ग्रंथपालाच्या भीतीने होऊ नये. ग्रंथपालाला न्यायाधीश करणे जितके अयोग्य तितकेच त्याला आरोपी करणे अयोग्य आहे.

५

अखेर पुन्हा सीमेवरच्या वाचकाकडे वळू. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी वाचणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना आपल्या भाषेतील ग्रंथ मिळावेत ही त्यांची मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. रंगनाथनांच्या दुसऱ्या सूत्रानुसार प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळालाच पाहिजे. तथापि ही मागणी ज्या तोंडाने करावयाची त्याच तोंडाने आपण दुसरेही काही बोलले पाहिजे. लातूर, सोलापूर, नांदेड येथील मराठी ग्रंथालयांत वचनवाङ्मयाचे किती खंड आहेत? उर्दूची कपाटे कोठे आहेत? ज्यांच्या पूर्वजांना उर्दूच्या पाटीआड आपली भाषा जपावी लागली त्यांनी आज स्वतःच्या दारावर कोणती पाटी लावली आहे, हे एकदा बाहेर उभे राहून वाचावे.

निजामी राज्यात आम्हांवर झालेला अन्याय हा अन्याय होता, कारण कोणत्याही भाषेवर तसे होणे अन्यायाचे आहे; केवळ ती मराठी होती म्हणून नव्हे. हे एकदा मान्य केले की ‘धर्मकारण’ वा ‘वचनदीप्ती’ यांचा प्रश्न शेजारच्या राज्याचा किंवा दुसऱ्या संप्रदायाचा राहत नाही. त्या ग्रंथांविषयी आमचे मत अनुकूल असो वा प्रतिकूल, ते बनविण्यासाठी ते आम्हांस वाचावयास मिळाले पाहिजेत. ‘वचनदीप्ती’तील पाठ आम्ही वर अग्राह्य ठरविला; पण तो तसा ठरविण्याची संधी प्रत्येक वाचकाला असावी, हीच आमची मागणी आहे. साहित्य संस्थांनी आणि ग्रंथालयसंघांनी मिळून सीमेच्या दोन्ही अंगांच्या जिल्ह्यांसाठी एक समाईक सूची सिद्ध करावी: मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, छापील आणि हस्तलिखित, उपलब्ध आणि जप्त. तिच्यात मुंतोजी असावेत, माणिकप्रभू असावेत, वचनांचे सर्व पाठ असावेत आणि ज्यांच्यापुढे ‘प्रत उपलब्ध नाही’ असे लिहावे लागेल त्या ग्रंथांची नावेही असावीत. कल्याणमधून निघालेल्या शरणांनी पोथ्या पाठीवर बांधून नेल्या. आपल्याला त्यांची यादी करावयाची आहे, आणि ती यादी कोणाच्याही सांगण्यावरून खोडावयाची नाही.